बाहेरच्या गोदामात दप्तर ठेवून आठ महिने: सेवा चांगली, पण ‘वर्ष’ हा एक रकाना नीट वाचा

आमच्या कार्यालयाच्या जुन्या फाईलींची खोकी ज्या गोदामात भाड्याने ठेवली आहेत, त्यांच्याकडून मंगळवारी मेल आला: ‘जतन-मुदत संपलेली खोकी, नष्ट करण्यास मंजुरी’. सोबत अकरा खोक्यांची यादी, खाली सहीसाठी दोन जागा आणि दहा दिवसांत कळवा अशी विनंती. अकरा खोकी कमी झाली की तेवढ्यांचं दरमहाचं भाडं वाचणार, म्हणून साहेबांनी लगेच सही केली आणि कागद माझ्याकडे पाठवला. दुसरी सही माझी. पेन हातात घेऊन यादीवरून नजर फिरवत होते आणि ६४ नंबरवर थांबले. ते खोकं मी स्वतः भरलं होतं. त्यातला सगळ्यात जाड करार २०२२ मध्ये संपला आहे आणि आमच्या जतन-तक्त्याप्रमाणे (कोणता कागद किती वर्षं ठेवायचा त्याचा तक्ता) करार संपल्यावर सात वर्षं कागद ठेवायचे. म्हणजे २०२९. यादीत त्याच्यापुढे होतं २०२१.

म्हणजे हे खोकं आमच्या दारातून गाडीत चढलं, तेव्हाच त्यांच्या नोंदीत त्याची मुदत संपून कित्येक वर्षं झाली होती. आणि आठ महिन्यांत कुणालाही, कोणत्याही पडद्यावर, त्याची लाल खूण दिसली नाही.

खोक्यांचं माप, बारकोड, ऑनलाइन मागणी वगैरे सगळं तुम्हाला माहीत असेल, त्यात वेळ घालवत नाही. मला बोलायचं आहे ते खोक्यांसोबत भरून द्यायच्या यादीबद्दल. बहुतेक ठिकाणी ती थोड्याफार फरकाने अशीच असते: खोक्याचा क्रमांक, विभाग, वर्णन, वर्ष, जतन-संकेत (म्हणजे त्या वर्षापासून किती वर्षं ठेवायचं त्याची खूण). यातला ‘वर्ष’ हा रकाना चार आकड्यांचा आहे. कशाचं वर्ष, ते कुठेही लिहिलेलं नाही. फाईल उघडली ते? बंद झाली ते? शेवटचा कागद लागला ते? की आर्थिक वर्ष, आणि असेल तर सुरू होतं ते की संपतं ते?

आम्ही तिघांनी मिळून २१२ ओळी भरल्या. आता एकेक तपासल्यावर दिसतंय की तिघांनी तीन अर्थ घेतले. हिशेब विभागातल्या सहकाऱ्यांनी आर्थिक वर्ष संपतं ते वर्ष टाकलं, ते बरोबर निघालं. मी शेवटच्या कागदाचं वर्ष टाकत होते. पण ६४ नंबरचं खोकं भरलं मी आणि त्याची ओळ लिहिली नुकत्याच रुजू झालेल्या मुलाने, फाईलच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत ‘२०१४’ होतं ते बघून. ते करार सुरू झाल्याचं वर्ष. २०१४ अधिक ७, झाले २०२१. त्या मुलाला मी दोष देत नाही. पुठ्ठ्यावर ठळक दिसतं तेच कुणीही लिहील. मी त्याला सांगायला हवं होतं आणि फॉर्मने त्याला विचारायला हवं होतं.

अकरापैकी चार खोकी अशी निघाली. उरलेल्या २०१ मध्ये आणखी सव्वीस ओळी चुकीच्या. त्यातल्या काही उलट्या बाजूने चुकलेल्या, म्हणजे ज्यांची मुदत दोन वर्षं आधी संपते त्यांचं भाडं आम्ही दोन वर्षं जास्त भरत बसलो असतो. पैशाच्या बाबतीत मी चिकट आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही. कागद गेला तर कायदेशीर नुकसान, कागद उगाच राहिला तर दरमहाचं नुकसान, आणि दोन्हींचं मूळ एकाच रकान्यात.

गोदामवाल्यांना फोन केला तर उत्तर: ‘तुम्ही भरून दिलंत तेच आम्ही संगणकावर चढवलं.’ हे खरं आहे. दुरुस्ती करून द्या म्हटलं तर प्रत्येक नोंदीला वेगळं शुल्क. तीस नोंदी, तीस वेळा शुल्क! इथे माझा पारा चढला. त्यांच्या माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर आयएसओ १५४८९ ठळक छापलंय. २००१ साली आलेलं आणि २०१६ मध्ये सुधारलेलं दप्तर-व्यवस्थापनाचं हे मानक कागदाइतकंच त्या कागदाबद्दलची माहिती जपायला सांगतं. ते नाव छापायचं आणि ग्राहकाच्या हातात तारखेसाठी एकच मोघम रकाना द्यायचा, हे मला पटत नाही. दोन दिवस मेल चालले. शेवटी त्यांनी आमच्या सगळ्या नोंदी एक्सेलमध्ये काढून दिल्या, आम्ही दुरुस्त केल्या आणि एकदाच एकत्रित चढवायला ते विनाशुल्क तयार झाले. तुमच्यावर अशी वेळ आली तर सुटी दुरुस्ती मागू नका, पूर्ण यादी काढून मागा.

हे परीक्षण लिहायला बसले तेव्हा दोनच तारे द्यायचं ठरवलं होतं. पण भांडण मिटल्यावर एक गोष्ट मान्य करावी लागली. दोन अधिकृत सह्या असलेल्या लेखी मंजुरीशिवाय ते एकही खोकं नष्ट करत नाहीत. करार करताना या अटीवर मीच कुरकुर केली होती, की प्रत्येक वेळी दोन माणसं कुठून शोधायची. ६४ नंबरचं खोकं आज शाबूत आहे ते याच अटीमुळे. त्यामुळे तारे वाढवले.

दुसरी गोष्ट लेबलची. बारकोड खोक्याच्या अंगावर, अरुंद बाजूला, हाताच्या खाचेखाली लावायचा, झाकणावर कधीच नाही, असं त्यांच्या माणसाने तीनतीनदा सांगितलं. मला तो आग्रह फाजील वाटला होता, आणि पहिल्या दिवशी घाईत आम्ही सहा लेबलं झाकणावर लावलीच. गाडी भरताना पोचपावतीवर २१२ ऐवजी २११ आले. तासभर शोधलं. दोन खोकी उघडून परत बंद करताना झाकणांची अदलाबदल झाली होती, एका खोक्यावर झाकणावरचा आणि अंगावरचा असे दोन बारकोड आले होते आणि शेजारचं खोकं बिनबारकोडचं. झाकण फिरतं, खोकं फिरत नाही. गाडी हलण्याआधी पोचपावतीवरचे क्रमांक आपल्या यादीशी एकेक करून जुळवा. नुसता आकडा जुळला म्हणून सही करू नका.

आता तयारीबद्दल, कारण यात आम्ही तीन आठवडे घातले आणि त्यातला एक वाया गेला.

वजनाचा हिशेब आधी करा. नेहमीचा ८० जीएसएमचा ए-४ कागद साधारण ५ ग्रॅमचा, म्हणजे ५०० कागदांचं रीम अडीच किलोचं. नेहमीच्या खोक्यात पाच रीमांइतके कागद गेले की साडेबारा किलो झाले, वर पुठ्ठ्याचं वजन वेगळं. आमच्या एका उत्साही सहकाऱ्यांनी जागा वाचवायला फाईली आडव्या दाबून बसवल्या. उचलताना तळ सुटला आणि तीन वर्षांची व्हाउचरं जिन्यात पसरली. ती क्रमाने लावण्यात एक दुपार गेली. फाईली उभ्या ठेवा, आणि शेवटच्या फाईलनंतर दोन बोटं आत जातील एवढी जागा मोकळी सोडा, नाहीतर मधली फाईल ओढताना कोपरे फाटतात.

रबरबँड सगळे काढा, एकही सोडू नका. जुन्या गठ्ठ्यावरचा एक रबरबँड मी नखाने सोडवायला गेले तर तो वितळून कागदाला चिकटलेला होता, आणि सोलताना तपकिरी पट्टा राहिला तो नेमका रकमेवर. आम्ही त्याऐवजी सुती नाडी वापरली. गंजक्या टाचण्या आणि पिनाही काढल्या. जाड बॉक्स फाईलींमधले कागद काढून साध्या पुठ्ठ्यात घातले, त्याने १८ खोकी कमी झाली. दरमहा अठरा खोक्यांचं भाडं वाचलं, हा या सगळ्या खटाटोपातला माझा सगळ्यात मोठा आनंद. थर्मल कागदावरच्या पावत्या मात्र तशाच पाठवू नका. उष्णतेने आणि उजेडाने त्यावरची अक्षरं उडतात. आमच्या एका पाकिटात चाळीसेक पावत्या होत्या, त्यातल्या निम्म्या आताच कोऱ्या निघाल्या. उरलेल्यांच्या झेरॉक्स काढून सोबत जोडल्या.

काटकसरीच्या नादात माझी एक चूक झाली ती सांगते. भाडं खोक्यामागे असतं, अर्धं भरलेलं असो की पूर्ण. म्हणून मी नऊ खोकी वेगवेगळ्या मुदतीच्या फाईलींनी भरून टाकली. आता त्यातल्या एका फाईलची मुदत लांब असल्याने बाकीच्या तेवीस-चोवीस फाईलीही तिच्यासोबत भाडं खात बसणार. एका खोक्यात एकाच मुदतीचे कागद ठेवा, खोकं थोडं रिकामं राहिलं तरी चालेल. आणि ज्या प्रकरणात वाद चालू आहे त्याचे कागद वेगळ्या खोक्यात घालून ‘रोखून ठेवलेलं’ अशी नोंद करून घ्या. मुदत संपली तरी त्यांना हात लागता कामा नये.

वर्णनाच्या रकान्यात ‘संकीर्ण’ हा शब्द लिहू नका. आमच्याकडे अशी पाच खोकी आहेत आणि एका फाईलसाठी पाचही मागवावी लागली, प्रत्येकाचं जाण्यायेण्याचं शुल्क भरून. फाईलवार यादी करून द्यायचे ते वेगळे पैसे घेतात, ते आम्ही टाळले. मग शहाणपण सुचलं आणि फाईलवार यादी आम्हीच आमच्या संगणकावर केली, तिची एक प्रत खोक्यात सगळ्यात वर ठेवली. जिथे यादी नीट आहे तिथे अनुभव खरंच सुखद आहे. लेखापरीक्षकांनी सकाळी अकराला एक जुनं खरेदी-पत्र मागितलं, मी तातडीची मागणी टाकली आणि साडेतीनला खोकं दारात होतं. पत्र दोन मिनिटांत सापडलं. पूर्वी माळ्यावर चढून धूळ खात दोन दिवस शोधायचो, त्या मानाने हे फारच सुखाचं.

एक गोष्ट करार करण्याआधीच विचारा: सेवा सोडायची झाली तर खोकी कायमची परत घेण्याचं शुल्क किती. आम्ही विचारलं नव्हतं. नंतर वाचलं तर ते कित्येक महिन्यांच्या भाड्याएवढं आहे.

वर्षाच्या रकान्याबद्दल त्यांना लेखी सूचना दिली आहे: ‘पहिल्या कागदाची तारीख’ आणि ‘शेवटच्या कागदाची तारीख’ असे दोन रकाने करा, आणि दाखल होतानाच मुदत संपलेलं खोकं आलं तर ग्राहकाला विचारा. ‘पुढे कळवलं आहे’ एवढंच उत्तर आलंय. पुढच्या महिन्यात ३८ खोकी जायची आहेत. तोवर आम्ही वर्णनाच्या रकान्यातच सुरुवातीला ‘०४-२०१४ ते ०९-२०२२’ असं लिहितो, मग बाकीचं वर्णन. ‘वर्ष’ मध्ये नेहमी शेवटच्या कागदाचं वर्ष, आणि ओळ लिहिणाऱ्याने फाईल उघडून तो कागद बघायचाच.

६४ नंबरचं खोकं मी मागवून घेतलं. सध्या माझ्या टेबलाशेजारी आहे. पुठ्ठ्यावरच्या ‘२०१४’ खाली लाल पेनाने ‘समाप्ती २०२२, जतन २०२९ अखेर’ लिहिलंय. सोमवारच्या गाडीने परत जाईल.