बंदराचं वर्णन: आखूड वाक्यं की लांब?

कोकणाचं वर्णन लिहायला घेतलं की बहुतेकांचा पहिला परिच्छेद असा उतरतो: "समुद्र निळा होता. किनाऱ्यावर माड होते. वाळू मऊ होती. दूरवर किल्ला दिसत होता." व्याकरणात खोट नाही. तरी चौथ्या वाक्यापर्यंत वाचणारा कंटाळतो, कारण मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि इथे प्रत्येक वाक्य 'होता-होती'वरच येऊन बसतं. "वाक्यं लहान-मोठी करा" हा सल्ला सर्रास मिळतो, पण तो अर्धाच आहे. लांबी बदलली आणि शेवट तोच राहिला, तर कंटाळाही तोच राहतो.

नमुन्याला एकच जागा घेऊ. दापोली तालुक्यातलं हर्णै बंदर, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, वाळूवर संध्याकाळचा मासळीचा लिलाव.

आखूड, केवल वाक्यं

"बैलगाडी पाण्यातून वर आली. टोपल्या उतरल्या. सुरमई वाळूवर पसरली. घोळका जमला. बोली सुरू झाली." लिलावाला ही पद्धत चोख बसते. एकामागून एक काहीतरी घडतंय आणि प्रत्येक क्रियापद वेगळं आहे. तीच पद्धत किल्ल्याला लावून बघा: "समोर सुवर्णदुर्ग आहे. त्याला बुरूज आहेत. भोवती पाणी आहे." हा तलाठ्याचा पंचनामा झाला. हलणाऱ्या गोष्टींना आखूड वाक्यं द्यावीत, स्थिर गोष्टींना देताना हात आखडावा.

लांब वाक्यं

इथे पुन्हा दोन वाटा फुटतात, आणि खरी निवड याच ठिकाणी आहे.

एक वाट धातुसाधितांची, म्हणजे 'बुडणारे', 'बसलेल्या', 'फोडत' अशा क्रियापदापासून झालेल्या शब्दांची: "भरतीला बुडणारे खडक ओहोटीला वर येतात आणि त्यांच्यावर ओणव्या बसलेल्या बायका कालवं फोडत पुढे सरकत जातात." दुसरी वाट 'जे-ते' अशा जोडीने येणाऱ्या शब्दांची: "जे खडक भरतीला दिसतही नाहीत, त्यांच्यावरच ओहोटीला बायका कालवं फोडत बसतात." पहिल्यात माहिती दाबून भरता येते. दुसऱ्यात 'जे' म्हटल्यावर वाचणारा 'ते'ची वाट बघतो, थोडा ताण तयार होतो. भरती उतरायला साधारण सहा तास लागतात. अशा संथ गोष्टीला लांब वाक्य शोभतं, त्यातही मला दुसरी वाट जास्त आवडते.

धातुसाधितांचा धोका असा की त्यांची चटक लागते. "वाऱ्याने वाकलेल्या, खाऱ्या पाण्याने काळवंडलेल्या, पावसाने झोडपलेल्या..." इतकं वाचून झालं तरी वाकलेलं काय, ते कळलेलं नसतं. मराठीत नाम शेवटी येतं, तोवर सगळी विशेषणं वाचणाऱ्याने सांभाळायची. दोनच्या पुढे जाऊ नये. आणि 'जेव्हा-तेव्हा' शक्य तिथे टाळावं, ते भाषांतरासारखं वाजतं. "पाणी चढलं की होड्या सरळ होतात" असंच आपण बोलतो, तसंच लिहावं.

क्रियापद गाळलेली वाक्यं

"बांगड्यांचे ढीग. बर्फाचा चुरा. सगळीकडे खारा, ओला वास." वासासाठी आणि पहिल्या नजरेसाठी उत्तम. सध्या मात्र अख्खे परिच्छेद असे लिहायची टूम निघाली आहे. क्रियापद गेलं की काळ जातो आणि कोण काय करतंय तेही जातं. चिमूटभर पुरे.

प्रश्न आणि उद्गार

"किती रमणीय तो सागर!" यात सागर कुठेच नाही, फक्त लिहिणाऱ्याचं भारावणं आहे. उद्गार लिलावातल्या माणसांच्या तोंडी द्यावेत, तिथे ते खरे वाटतात. (आणि हो, हर्णैच्या कोळणीला मालवणी बोलायला लावू नका. ती बोली सिंधुदुर्गाकडची.) प्रश्नाचंही तसंच. "एवढी मासळी, आज भाव पडणार का?" हा बंदरावरच्या कुणाचा तरी प्रश्न आहे, म्हणून चालतो.

नकारार्थी वाक्यं

याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही, आणि माझ्या मते इथे सर्वात जास्त काही सापडतं. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांतलं बंदर होकारार्थी वाक्यांत सांगायला गेलं तर पाऊस, चिखल आणि शाकारलेल्या होड्या यांवरच आटपतं. उलट: "वाळूवर गाडी नाही. बर्फ नाही. भावावरून भांडण नाही. कावळेसुद्धा फिरकत नाहीत." जे नाही त्यातून भरलेला बाजारच दिसतो. हे जमायला वाचणाऱ्याने आधी तो बाजार पाहिलेला हवा, म्हणून कथेत असा परिच्छेद लिलावानंतर टाकावा.

मग निवडायचं काय?

दिवाळी अंकासाठी कथा लिहीत असाल तर आखूड वाक्यांचा पाया धरा आणि जिथे पाणी, ऊन किंवा माणूस संथ आहे तिथे एकच लांब वाक्य सोडा. प्रवासवर्णनात लांब वाक्यं थोडी जास्त चालतात, कारण तिथे माहितीही द्यायची असते. दहावीच्या निबंधात जोखीम नको: केवल, संयुक्त आणि मिश्र वाक्यं आलटून पालटून वापरा, क्रियापद गाळणं एखाद्या ओळीपुरतं ठेवा.

कच्चा मजकूर झाला की प्रत्येक वाक्याचा फक्त शेवटचा शब्द अधोरेखित करा. लागोपाठ तीन 'होता-होती' आले, तर मधल्या वाक्यात क्रियापद पुढे आणून बघा: "आली एकदाची शेवटची होडी." बोलताना आपण हे सहज करतो. मात्र एका पानात एकदाच, नाहीतर कीर्तनाचा सूर लागतो.