द लास्ट गार्डियन : ट्रिको ऐकत नाही म्हणून गेम सोडू नका

गेमच्या सुरुवातीला ट्रिको, म्हणजे पिसांचा एक अवाढव्य प्राणी, साखळीने बांधलेला असतो, अंगात भाले घुसलेत, आणि आपण म्हणजे त्याच्या पंजाएवढं एक पोरगं. भाला उपटायचा, कुठूनतरी खाण्याचं पिंप शोधून आणायचं, त्याच्या पुढ्यात ठेवायचं. तो खात नाही. नुसता बघत राहतो. मी ते पिंप उचलून इकडे ठेव तिकडे ठेव करत बसलो, मग कंटाळून जरा लांब गेलो आणि मागे वळून बघतो तर स्वारी खातेय. घाबरलेल्या कुत्र्याला कधी खायला घातलं असेल तर हे लगेच ओळखीचं वाटेल, आपण जवळ असताना ते तोंड लावत नाही. मला गेम तिथेच आवडला.

हा गेम फुमितो उएदाचा. माणूस मुळात चित्रकलेच्या वाटेने आलेला, १९९३ ला ओसाकाच्या कला विद्यापीठातून बाहेर पडला, आधी वॉर्प या गेम कंपनीत ॲनिमेटर, मग १९९७ ला सोनीत. आजवर दिग्दर्शित केलेले गेम तीनच, ईको २००१, शॅडो ऑफ द कोलोसस २००५ आणि हा २०१६. तिन्ही ओळीने खेळा असं मी सगळ्यांना सांगतो कारण मग कंट्रोलरवरच्या आर वन बटणाची गंमत कळते. ईकोमध्ये आर वन दाबून धरलं की सोबतच्या योर्डा या मुलीचा हात आपल्या हातात, बोट उचललं की हात सुटला. शॅडोमध्ये, म्हणजे पीएस-२ (प्लेस्टेशन २) वरच्या मूळ गेममध्ये, तेच बटण म्हणजे राक्षसाच्या केसांना धरलेली पकड, असे १६ राक्षस, आणि ताकद संपत आली की कोपऱ्यातलं ते वर्तुळ लहान लहान होत जातं आणि आपलं बोट खरंच दुखायला लागतं. इथे आर वन म्हणजे ट्रिकोला हाक. नुसती हाक, यायचं की नाही ते तो ठरवणार.

आणि सगळ्यांची तक्रार नेमकी इथेच आहे, हाक मारली तरी येत नाही, उडी मार म्हटलं तर कान खाजवत बसतो. अरे पण तो जनावर आहे ना! पहिल्या सांगण्यात ऐकायला लागला असता तर ती नुसती पिसांची लिफ्ट झाली असती. तो इकडेतिकडे बघतो, अंदाज घेतो, मागचे पाय रोवतो आणि मग झेप घेतो, त्या दोन सेकंदांत तो विचार करतोय असं पक्कं वाटतं. शॅडोमधला ॲग्रो घोडापण झाडं स्वतःच चुकवायचा, म्हणजे बीज तिथेच होतं.

आता जे खटकतं ते. कॅमेरा वाईट आहे, अरुंद खोलीत ट्रिको शेजारी आला की स्क्रीनभर पिसं आणि पोरगं कुठे गेलं तेच कळत नाही, आणि याला मी कलाबिला म्हणणार नाही, चूक ती चूक. पीएस-४ वर मोठ्या मोकळ्या जागेत फ्रेमरेटपण पडतो, म्हणजे चित्र अडखळत हलतं. डिस्क असेल तर पीएस-५ वर अपडेट न टाकता खेळा, खूपच स्मूद चालतो.

काम २००७ ला सुरू झालं, २००९ ला ई-थ्री या गेम्सच्या प्रदर्शनात दाखवला, यायचा होता २०११ ला पीएस-३ वर आणि आला २०१६ च्या डिसेंबरात पीएस-४ वर. मधल्या काळात उएदाने सोनी सोडली, २०१४ ला जेनडिझाइन ही स्वतःची कंपनी काढली, पण हा गेम सोडला नाही. एवढी वर्षं एकाच प्राण्याच्या मागे राहणं सोपं नाही, आणि ते ट्रिकोच्या मानेच्या प्रत्येक वळणात दिसतं. उएदाचा पुढचा गेम २०२४ च्या गेम अवॉर्ड्समध्ये दाखवलाय, मी वाट बघतोय.

माझ्याकडून ५ पैकी साडेचार, अर्धा कॅमेऱ्याने खाल्ला. खेळायला घेतलात तर एक करा, वाटेत आडवे येणाऱ्या चिलखतवाल्या शत्रूंशी मारामारी संपली की लगेच पुढच्या दाराकडे पळू नका, ट्रिको तेव्हा अजून पिसाळलेला असतो. त्याच्या अंगावर चढा, भाले काढा आणि मानेवर हात फिरवत रहा, हळूहळू त्याचा श्वास शांत होतो.