सिझरनंतर कंबर धरली: पट्टा, शेक-मालिश की व्यायाम?

सिझर होऊन महिना-दीड महिना झाला, टाके सुकले, पण लेकराला पाजून उठताना कमरेत कळ येते. घरात तीन सल्ले एकदम सुरू होतात. जाऊ म्हणते, मेडिकलवरून पोटाचा पट्टा आण. आई म्हणते, शेक घे, मालिशवाल्या बाईला आणखी पंधरा दिवस सांगू. आशाताई म्हणतात, व्यायाम कर. पैसा मोजका, वेळ त्याहून मोजका. म्हणून कशाने काय साधतं ते आधी बघून घ्या.

सिझरच्या वेळी बधिर करायला पाठीत देतात त्या इंजेक्शनचं पहिल्यांदा मिटवू, कारण गावात सगळा दोष त्याच्याच माथी मारतात. ती सुई बारीक असते. टोचलेली जागा काही दिवस दुखते, हे खरं. पण बाळंतपणात पाठीत असं इंजेक्शन घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायांची तुलना झाली आहे, आणि पुढे राहणाऱ्या कंबरदुखीत फरक आढळलेला नाही. नॉर्मल झालेल्यांचीही कंबर दुखतेच.

खरं कारण बऱ्याचदा पोटाकडे असतं. कमरेच्या मणक्याला मागून त्याला लागून असलेले खोल स्नायू धरतात आणि पुढून पोटाचा सगळ्यात आतला आडवा स्नायू. हा आडवा स्नायू दोन्ही बाजूंनी फिरून मागे कमरेवरच्या जाड पडद्याला मिळतो. गरोदरपणात तो महिनोन् महिने ताणला जातो. सिझरमध्ये पोटाचे उभे स्नायू सहसा कापत नाहीत, मधून बाजूला सारतात. पण त्यांच्यावरचं मजबूत आवरण कापून शिवावंच लागतं. सहा आठवड्यांनीसुद्धा त्या आवरणात मूळच्या निम्म्याहून थोडीच जास्त ताकद आलेली असते. त्यात टाके ओढतात म्हणून बाई वाकून चालते. पोट कामाला लागत नाही आणि पाठीचे स्नायू दिवसभर आवळलेले राहतात. हात लावला तर दोरासारखे कडक लागतात. कडक म्हणजे मजबूत नव्हे. स्नायूचा ताण, ताठरपणा आणि लवचिकता मोजणारी हातात मावणारी यंत्रं आता निघाली आहेत. ताकद ही त्यांच्यापासून वेगळीच गोष्ट, ती वेगळी मोजावी लागते.

आता पट्टा. तीनचारशेपासून पुढे मिळतो. जुन्या लुगड्याची रुंद पट्टी नीट बांधली तरी तेच काम होतं. पहिल्या काही दिवसांत खोकताना, उठताना, संडासला जाताना त्याचा आधार वाटतो. काही अभ्यासांत पट्ट्याने वेदना कमी झालेल्या दिसल्या, काहींत फरक दिसला नाही. पण पट्टा बांधून पोट आत जातं आणि कायमचं जुळतं, यावर माझा विश्वास नाही. करकचून बांधला तर दाब खाली जातो, आणि जिची लघवी शिंकताना सुटते तिला ते आणखी जड जातं. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात, पारा 45 ला टेकलेला असताना, पट्ट्याखाली घाम साचून टाक्याभोवती पुरळ येतं. चालताना-उठताना बांधा, झोपताना सोडा, हळूहळू बंद करा.

शेक-मालिशीने बरं वाटतं, आणि ते खोटं नाही. उष्णतेने आवळलेला स्नायू सैल पडतो, बाईला तासभर कोणी हात लावून विचारतं, झोप लागते. दुसऱ्या दिवशी मात्र कंबर पुन्हा तिथेच, कारण ताकद मालिशीने येत नाही. खर्च रोजचा, वर शेवटी साडी-चोळी. जपायच्या गोष्टी तीन. टाक्याभोवती बधिरपणा असतो, चटका कळत नाही. बंद खोलीत बाजेखाली शेगडी ठेवली की धूर लेकराच्या छातीत जातो. आणि ‘पोट बसवायला’ म्हणून जोर लावून दाबू देऊ नका. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं असेल तर ती मुळीच चोळायची नाही, सरळ दवाखाना गाठायचा. रक्ताची गुठळी असू शकते.

व्यायाम सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कंटाळवाणा. आठवडाभर करून फरक दिसत नाही, म्हणून सुटतो. तरी माझं मत त्याच्याच बाजूने, कारण आडव्या स्नायूला कामाला लावणारं तेवढंच आहे. सुरुवात अगदी साधी: उताणं पडून गुडघे मोडायचे, श्वास सोडताना बेंबी अलगद आत ओढायची, लघवी अडवल्यासारखे खालचे स्नायू आवळायचे, मग सैल. उठताना सरळ न उठता कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठायचं. कंबर उचलण्याचे व्यायाम सहा आठवड्यांच्या तपासणीनंतर, डॉक्टरांना विचारून. पोट कमी करायला उताणं पडून सरळ उठून बसायचे व्यायाम तर लगेच नकोतच. उताणं पडून डोकं उचलल्यावर बेंबीच्या वर-खाली मधोमध दोन बोटांहून रुंद फट लागत असेल, तर एकदा फिजिओथेरपिस्टला दाखवा. नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात किंवा वर्ध्याजवळ सावंगी मेघेच्या दवाखान्यात हा विभाग आहे, जिल्हा रुग्णालयातही चौकशी करा. एकदाच जाऊन व्यायाम शिकून आलं तरी पुरतं. सिझरनंतर आशाताईंच्या घरभेटी सातव्या ते बेचाळिसाव्या दिवसापर्यंत असतात, त्यात विचारून घ्या.

एकच करणं जमणार असेल तर व्यायाम. दोन जमत असतील तर पहिले काही आठवडे सोबत पट्टा. मालिश घरातलंच कोणी करून देत असेल तर जरूर, कर्ज काढून नको. आणि यातलं काही सुरू करण्याआधी बाज बघा. निवार सैल पडलेली असेल तर पाजताना पाठ धनुष्य होते. भिंतीला टेकून बसा, मांडीवर घडी केलेली गोधडी ठेवून लेकरू वर घ्या.

ताप-थंडी, टाक्यातून पू, पायात बधिरपणा किंवा जोर कमी होणं, लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, यांपैकी काही असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

कापूस वेचणीचा प्रश्न दिवाळीच्या आसपास येतोच. पहिले सहा आठवडे लेकरापेक्षा जड काही उचलायचं नाही, म्हणजे पाण्याचा गुंडही नाही. त्यानंतर वावरात गेलात तर कमरेची ओटी गच्च भरू देऊ नका, अर्धी झाली की रिकामी करा. गाठोडं डोक्यावर द्यायला दुसरं कोणी असू द्या.