लिनक्सवर डीएससी टोकन आणि कार्ड रीडर: सीसीआयडी ड्रायव्हरचा काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. पुण्यात सदाशिव आणि नारायण पेठेतल्या ज्या छोट्या सीए ऑफिसांची कॉम्प्युटरची कामं मी बघते, तिथे लगेच विषय निघाला की धडधाकट पीसी केवळ विंडोज ११ घेत नाहीत म्हणून भंगारात काढायचे का. ज्यांची तयारी होती त्यांच्याकडे मी उबंटू ही लिनक्स प्रणाली टाकून दिली. अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर एका नव्या मशीनवर ठेवलं. पोर्टल, मेल आणि रिटर्नची कामं लिनक्सवर आली. धास्ती सगळ्यांना एकाच गोष्टीची होती: डीएससी, म्हणजे टोकनमधली डिजिटल सही, चालेल का? कंपनीचं इन्कम टॅक्स रिटर्न डीएससीशिवाय जातच नाही, तेव्हा भीती रास्तच होती. जीएसटीच्या बऱ्याच वीस तारखा पार पडल्यावर मी आता खात्रीने सांगते, ड्रायव्हरने एकदाही दगा दिला नाही. त्रास झाला, पण तो ड्रायव्हरच्या वरच्या थरात झाला, आणि हा फरक कळला की निम्मा सपोर्ट तिथेच संपतो.

इन्स्टॉलेशन म्हणजे तीन पॅकेजं: पीसीएससीडी (रीडर सांभाळणारी सेवा), लिबसीसीआयडी (खुद्द ड्रायव्हर) आणि पीसीएससी-टूल्स (तपासणीची साधनं). तिन्ही उबंटूच्या स्वतःच्या भांडारात आहेत. सीडी शोधा, कंपनीच्या साइटवरून झिप उतरवा, अँटिव्हायरस बंद करा, असलं काहीही नाही. सीसीआयडी हा यूएसबीवरच्या कार्ड रीडरसाठी ठरवलेला वर्ग आहे, क्रमांक ०बी. रीडर बनवणाऱ्याने तो नियम पाळला की शेकडो मॉडेल एकाच ड्रायव्हरवर चालतात. लुडोविक रूसो हे गृहस्थ २००३ पासून हा ड्रायव्हर सांभाळत आहेत, आणि तो एलजीपीएल या मुक्त परवान्याखाली सगळ्यांना खुला आहे. ॲपलनेही मॅकमध्ये बरीच वर्षं हाच ड्रायव्हर दिला. इतकी वर्षं एखादं काम नेटाने करत राहणाऱ्या माणसाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

आपण ज्याला डीएससीचं डोंगल म्हणतो तो खरं तर रीडर आणि चिप एकाच खोक्यात असलेला प्रकार आहे. त्यामुळे सीसीआयडी पाळणारं टोकन ड्रायव्हरला कायम कार्ड घातलेल्या रीडरसारखं दिसतं. ड्रायव्हरचं काम चिपपर्यंत निरोप नेणं आणि उत्तर आणणं, एवढंच. आतलं सर्टिफिकेट वाचणं, पिन विचारणं, सही करणं हे पीकेसीएस ११ लायब्ररीचं, म्हणजे ब्राउझर आणि चिप यांच्यामधल्या सॉफ्टवेअरचं काम. इथे एक गोष्ट ठणकावून सांगते: ओपनएससी हे त्या थरातलं उत्तम मुक्त सॉफ्टवेअर आहे, पण टोकन बनवणाऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरने तयार करून दिलेलं टोकन त्याला वाचता येईलच असं नाही. आपल्याकडे डीएससी विकणारे बहुतेक वेळा टोकन तसंच तयार करून देतात. म्हणून टोकन घेतानाच विचारा, लिनक्ससाठी लायब्ररी देता का? एका विक्रेत्याने "हो हो, सगळं चालतं" म्हणून दिलेलं टोकन शेवटी बदलून घ्यावं लागलं.

आर्टिकल मुलांचा (सीएकडे प्रशिक्षण घेणाऱ्यांचा) फोन ठरलेला असतो, "ताई, टोकन दिसत नाहीये." मी आधी विचारते, कुणाला दिसत नाहीये? एलएसयूएसबी या जोडलेली यूएसबी उपकरणं दाखवणाऱ्या आज्ञेच्या यादीत नसेल तर पोर्ट किंवा हब बदला. कॅबिनेटच्या पुढच्या सैल पोर्टमुळे बरेच फोन येतात. यादीत असेल तर पीसीएससी-स्कॅन ही रीडर आणि कार्ड तपासणारी आज्ञा चालवा. तिथे रीडरचं नाव आणि खाली ३बीने सुरू होणारी आकड्यांची ओळ आली की समजायचं चिप बोलते आहे आणि ड्रायव्हरचं काम झालं. ही आज्ञा पिन विचारत नाही, त्यामुळे पिन ब्लॉक व्हायची भीती नाही. घाबरलेल्या मुलांना हे आवर्जून सांगावं. इथवर सगळं ठीक असूनही ब्राउझरला काही सापडत नसेल तर ब्राउझर तपासा. आमच्याकडे स्नॅपमधला (उबंटूच्या बंदिस्त पॅकेजमधला) फायरफॉक्स बाहेरच्या लायब्ररीला हात लावू देत नव्हता. मोझिलाचं डेब पॅकेज टाकलं आणि प्रश्न मिटला.

घरून सपोर्ट देणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. मी कोथरूडहून एसएसएचने (दुरून लॉगिन करून) ऑफिसच्या मशीनवर जाते. तिथून पीसीएससी-स्कॅन चालवलं की परवानगी नाकारल्याचा निरोप येतो, आणि त्याच वेळी समोर बसलेल्या मुलाला टोकन व्यवस्थित दिसत असतं. कारण पोलकिट, म्हणजे कुणाला काय वापरू द्यायचं हे ठरवणारी लिनक्सची व्यवस्था. प्रत्यक्ष मशीनसमोर लॉगिन असलेल्यालाच कार्ड वापरू द्यायचं, असा नियम त्यात असतो. मला तो नियम पटतो. कुणाच्या सहीचं टोकन दुरून वापरता येणं बरं नाही. तपासणीपुरतं सुडोने (प्रशासकाच्या अधिकाराने) चालवते, नियम सैल करत नाही.

बाणेरला एका छोट्या सॉफ्टवेअर फर्ममध्ये ओपनपीजीपी कार्डं (सही आणि एन्क्रिप्शनच्या किल्ल्या ठेवणारी) वापरतात, तिथे वेगळंच भांडण होतं. त्या किल्ल्या वापरणाऱ्या जीएनयूपीजी सॉफ्टवेअरच्या एससीडीमन या कार्ड सांभाळणाऱ्या भागात स्वतःचा सीसीआयडी ड्रायव्हर असतो. तो रीडर धरून बसला की पीसीएससीडीला मिळत नाही. एससीडीमनच्या सेटिंगमध्ये डिसेबल-सीसीआयडी ही ओळ घातली की दोघं गुण्यागोविंदाने नांदतात.

खरी मेहनत झाली ती एका नव्या रीडरवर. एलएसयूएसबीत दिसतो, वर्ग ०बी, पण पीसीएससी-स्कॅन म्हणतं रीडरच नाही. लिनक्सवर नुसता वर्ग जुळून भागत नाही. ड्रायव्हरच्या इन्फो-प्लिस्ट नावाच्या फाइलमध्ये त्या मॉडेलचे क्रमांक असावे लागतात. त्या फाइलमध्ये तीन याद्या आहेत: बनवणाऱ्याचे क्रमांक, मॉडेलचे क्रमांक आणि नावं. तिन्हींत नवी नोंद एकाच जागी यावी लागते. एका यादीत ओळ वर-खाली झाली की तिथून पुढचे सगळे रीडर दुसऱ्याच्या नावाने ओळखले जातात. मी तिन्ही याद्यांच्या अगदी शेवटी नोंद घातली, पीसीएससीडी पुन्हा सुरू केलं, आणि रीडर चालू. ड्रायव्हरच्या सोर्समध्ये पार्स नावाचा छोटा प्रोग्रॅम आहे, तो रीडरची सगळी माहिती छापतो. ती माहिती मूळ प्रकल्पाकडे पाठवली की पुढच्या आवृत्तीत तो रीडर घेता येतो. स्वतःपुरतं भागवून थांबू नका, ही माहिती जरूर पाठवा. नाहीतर पुढच्या माणसाला तीच खटपट पहिल्यापासून करावी लागेल.

तक्रार म्हणाल तर एक आहे. चिपने उत्तर दिलं नाही, तर रीडर हलक्या प्रतीचा आहे, कार्ड उलटं घातलंय की व्होल्टेजची अडचण आहे, हे सामान्य माणसाला कळेल असं कुठेच दिसत नाही. पीसीएससीडी डीबग (तपशीलवार नोंदी) लावून चालवलं तर सगळं उलगडतं, पण ते वाचायला माहितगार माणूस लागतो. ड्रायव्हर सुरुवातीला कार्डला ५ व्होल्ट देतो. इन्फो-प्लिस्टमधला पर्याय बदलून ३ किंवा १.८ व्होल्टपासून सुरुवात करता येते, आणि आमच्याकडचं एक हट्टी कार्ड तेवढ्यानेच सुधारलं. हे एखाद्या साध्या खिडकीत दिसलं असतं तर किती फोन वाचले असते!

नवा रीडर घेणाऱ्यांनी ड्रायव्हरच्या साइटवरची यादी आधी बघावी. तिथे तपासून पाहिलेले, चालायला हवेत असे आणि न चालणारे रीडर वेगवेगळे दिले आहेत. तपकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, एकाच खोक्यात वेगवेगळ्या बॅचचे रीडर मिळतात, म्हणून मी लॅपटॉप सोबत नेते. दुकानदाराला सांगून रीडर जोडते, एलएसयूएसबीतला क्रमांक यादीशी ताडून बघते, आणि जुळला तरच पैसे देते.