रानात रात्र काढायची वेळ आली तर: ताडपत्री, चंदेरी ब्लँकेट की पाल्याचं खोपटं?

पाऊस लागला की शनिवार-रविवारी ताम्हिणी, अंधारबन, भीमाशंकरच्या वाटेला पुण्याच्या गाड्यांची रीघ लागते. सॅकमध्ये पॉवरबँक असते, ठेपले असतात. पण वाट चुकली, ओढ्याला पाणी चढलं आणि मुक्काम रानातच पडला तर डोक्यावर काय घेणार, हे बहुतेकांनी ठरवलेलं नसतं. त्यात निवाऱ्याचे जे व्हिडिओ आपण बघतो, ते बरेचसे थंड देशांतले. तिथला कोरडा पाला आपल्याकडे जुलैत कुठून आणायचा? सह्याद्रीत घात करतात ते ओले कपडे आणि वारा. चिंब अंगाला वारा लागत राहिला तर हवा १५ अंशांची असली तरी शरीराचं तापमान ३५ च्या खाली जाऊ शकतं.

त्यामुळे माझी कसोटी एकच: अंधार पडत असताना, गारठलेल्या बोटांनी, पंधरा-वीस मिनिटांत काय उभं राहतं?

ताडपत्री राहते. आठ बाय दहा फुटांची साधी प्लास्टिकची ताडपत्री आणि थोडी नायलॉनची दोरी घ्यायची. दोन झाडांमध्ये कमरेच्या उंचीवर दोरी ताणायची, वर ताडपत्री टाकायची आणि वाऱ्याकडची बाजू थेट जमिनीला टेकवून कडेवर दगड ठेवायचे. पावसाळ्यात वारा बहुधा पश्चिम-नैऋत्येचा, म्हणून तोंड पूर्वेकडे. पण कड्याजवळ तो खालून वरही उसळतो, तेव्हा कडा सोडून आत यायचं. उंच बांधायचा मोह नको, बसता आलं की पुरे. दोरीवरून ओघळणारं पाणी हळूहळू आत येतं. ताडपत्रीच्या अलीकडे दोरीला एक चिंधी बांधली की ते तिथेच ठिबकतं. कोपऱ्याची कडी फाटली तर ताडपत्रीत लिंबाएवढा गोटा गुंडाळून त्याच्या मानेला दोरी आवळायची. कडीपेक्षा हे जास्त टिकतं. तोटा वजनाचा, आणि झाडं नसलेल्या उघड्या पठारावर तिचे हाल होतात.

चंदेरी ब्लँकेट म्हणजे धातूचा मुलामा दिलेली पातळ प्लास्टिकची शीट. तिचं मूळ नासाच्या १९६४ च्या सुमाराच्या संशोधनात आहे. वजन जेमतेम ५०-६० ग्रॅम, घडी मुठीत मावते. हे ब्लँकेट अंगातून बाहेर पडणारी उष्णता परत फिरवतं आणि वारा अडवतं. पण ओली जमीन अंगातली ऊब शोषते, तिथे त्याचा काही उपयोग नाही; खाली सॅक, दोरीचं वेटोळं, काहीतरी हवंच. सुटी शीट वाऱ्यात फडफडून फाटते, म्हणून घ्यायचं तर पिशवीच्या आकाराचं घ्या. आत अंगाची वाफ साचते, सकाळी थोडं दमट वाटेल. तेवढं चालतं.

पाल्याचं खोपटं दिसायला सगळ्यात भारी. एक आढं, त्याला दोन्हीकडून टेकवलेल्या काटक्या, वर दोन-तीन फूट जाडीचा पाला. ऊब देते ती पाल्यात अडकलेली कोरडी हवा, म्हणजे भिजलेल्या पाल्याचा उपयोग जवळपास शून्य. एकट्याला हे करायला काही तास लागतात. पाचोळ्यात हात घालताना मण्यार, घोणस, विंचू यांचा विचार करायचा तो वेगळाच. शिवाय भीमाशंकर आणि ताम्हिणी दोन्ही अभयारण्यं. तिथे हौसेखातर कारवी तोडून सराव करणं हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. हिवाळ्यात खाली अंथरायला पडलेला कोरडा पाला मात्र उत्तम, फक्त त्याच्या शेजारी शेकोटी नको. (मावळातल्या शेतकऱ्याचं इरलं आणि धनगराची घोंगडी या तिन्हींपेक्षा शहाणी. लोकर ओली झाली तरी ऊब धरते. पण ती सॅकमध्ये कोंबून बघा!)

राजगडावर पद्मावतीचं देऊळ किंवा हरिश्चंद्रगडावरची लेणी जवळ असतील आणि वाट नक्की माहीत असेल, तर हा सगळा खटाटोप नको. सरळ तिकडे जा. अनोळखी कपारीत शिरण्याआधी वर आग्या मोहोळ आहे का, ते बघा. उथळ कपारीत विजेचाही धोका असतो. नाळेत (डोंगरातल्या अरुंद घळीत) तर बसूच नका, पाणी आणि दगड दोन्ही तिथूनच येतात.

जून ते सप्टेंबर तीन-चार जणांचा गट असेल तर एक ताडपत्री आणि प्रत्येकाकडे चंदेरी पिशवी, असं मी सांगेन. एकटे जात असाल आणि वजनाची कटकट वाटत असेल तर पिशवी आणि जाड पोंचो, याहून कमी नाही. ताडपत्री, दोरी रविवार पेठेत बोहरी आळीत बघा, आणि गाठी घरच्या गच्चीवर पावसात मारून बघा. ओल्या दोरीला कोरड्या दोरीची गाठ धरेलच असं नाही. रेंज असेल तर ११२ ला फोन अंधार पडायच्या आधी करा. त्यानंतर जागा बदलू नका, शोधायला येणारे तुम्ही सांगितलेल्या ठिकाणीच येतील.