अचानक जुलाब लागले तर: ओआरएसची पुडी की घरचं मीठ-साखरेचं पाणी?

निंदण-डवरणीच्या दिवसांत आमच्याकडे धडधाकट माणसांनाही एकाएकी ढाळ लागतात. कारण बहुधा पाणीच असतं: गढुळलेली विहीर, नालीतून गेलेली फुटकी पाइप, वावरात दिवसभर उघडा ठेवलेला ड्रम. नाहीतर तेरवीतलं उरलेलं जेवण. २०२२च्या जुलैत मेळघाटात पाचडोंगरी-कोयलारीला दूषित विहिरीच्या पाण्यानं कॉलरा पसरला आणि माणसं दगावली. जंतू कोणताही असो, घरी करायचं पहिलं काम एकच, शरीरातून गेलेलं पाणी आणि क्षार परत भरणं. ते पुडीनं भरायचं की घरच्या पाण्यानं? घरात मी दोन्ही वापरलंय.

घरच्या पाण्याला मेडिकल उघडं असण्याची गरज नाही. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, साखर चहाचे सहा सपाट चमचे, मीठ अर्धा चमचा. बरोबर जमलं तर चांगलं काम देतं, यात शंका नाही.

पण मिठाचं गणित हमखास चुकतं. एकाचा चमचा शिगोशीग, दुसरा चिमटीनं टाकणारा, पहाटे तिसरंच कोणी उठून करणार. आधीच मळमळत असलेल्या माणसाला एक खारट घोट लागला की तो गडवा बाजूला सारतो. मग कितीही विनवा, पुढचा घोट घेत नाही. माझा कल पुडीकडे झुकला तो एवढ्यासाठीच. घरचंच द्यायचं असेल तर आधी आपण चाखावं. डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ओतून द्यावं.

पुडीची चव दर वेळी तीच. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या २०.५ ग्रॅमच्या पुडीत २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोजसोबत पोटॅशियमही असतं, जे मीठ-साखरेत नाही. पथ्य एकच: अख्खी पुडी अख्ख्या लिटरमध्ये. ग्लासात अर्धी-पाव टाकू नये. पाण्याची लिटरची रिकामी बाटली मापाला पुरते. केलेलं पाणी २४ तासांत संपवावं, उरलं तर फेकावं. आशाताईंकडे, उपकेंद्रात पुडी फुकट मिळते. मोठ्या माणसानं मागायला संकोच कशाला? दुकानातले फळांच्या चवीचे गोड डबे मात्र पुडीची जागा घेत नाहीत.

दर जुलाबानंतर एक-दोन ग्लास, घोट घोट. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. सोबत भाताची पेज, ताक, केळ चालू ठेवावं. पिता येत असेल तर सलाईनचा आग्रह मला तरी गरजेचा वाटत नाही.

पण शौचात रक्त, जोराचा ताप, भाताच्या पेजेसारखे धो-धो जुलाब, लघवी बंद किंवा उभं राहताच चक्कर, यातलं काहीही दिसलं तर रोग्याला पाणी पाजतच दवाखान्यात न्यावं. रक्त किंवा ताप असताना जुलाब थांबवणारी गोळी आपल्या मनानं देऊ नये. म्हातारी माणसं आणि किडनी-हृदयाचे रोगी यांच्या बाबतीत सुरुवातीलाच डॉक्टरांना विचारावं.