पैसे घेऊन मूळपुरुष शोधून देणाऱ्यांपासून जपा

आमच्या भावकीचे 65,000 रुपये गेले आणि हातात आला शके 1698 चा म्हणून दिलेला एक बनावट कागद. पैसे वर्गणी काढून उभे केले होते. कुणी सोयाबीनच्या पट्टीतून दिले, कुणी पेन्शनमधून. घराण्याचा मूळपुरुष शोधायची ओढ सध्या बऱ्याच घरांना लागली आहे आणि त्यात वावगं काहीच नाही. 2023 साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून जुन्या कागदांवरची मोडी लिपी वाचणाऱ्यांना मागणी आली, तिच्याबरोबर मोडी न येणारे ‘मोडी तज्ज्ञ’ही आले. आमच्याशी जे झालं ते नावनिशी सोडून सगळं सांगतो, म्हणजे दुसऱ्या घराला वेळीच ओळखता येईल.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, माणदेशाच्या कडेला. घरात पिढ्यान्‌पिढ्या एक गोष्ट सांगतात. दुष्काळात गाव ओस पडलं होतं, तेव्हा दोन भाऊ बैलजोडी घेऊन आले, कौल घेतला, ओढ्याकाठचं पडीक रान मोडलं आणि तिथून आमची वस्ती सुरू झाली. थोरले चुलते आबा 81 वर्षांचे आहेत. त्या दोन भावांचा एखादा कागद डोळ्यांनी बघायचा, एवढीच त्यांची इच्छा.

इच्छा अवास्तव नव्हती. मराठेशाहीत ओस गाव पुन्हा वसवायचं तर रयतेला कौल, म्हणजे साऱ्यात सवलतीचं लेखी अभयपत्र देत. पहिल्या वर्षी सारा नावापुरता, मग दरसाल चढत चढत काही वर्षांनी पुरता धारा. यालाच इस्तावा म्हणत. एखादं मिरासदार, म्हणजे जमिनीवर वंशपरंपरा हक्क असलेलं कुळ नाहीसं झालं की त्याची गतकुळी जमीन पाटील आणि गोत, म्हणजे गावसभा, मिळून नव्या माणसाला मिरासपत्र करून देत. असे कागद पुण्याच्या सरकारी पुरालेखागारातल्या पेशवे दफ्तरात आहेत, जुन्या वाड्यांत आहेत, देशमुख-देशपांड्यांच्या घरी आहेत. म्हणजे जे आम्ही शोधत होतो ते जगात असू शकतं. फसवणाऱ्याला नेमका याचाच आधार मिळाला.

हा माणूस एका लग्नात भेटला. कार्डावर ‘वंशावळ व मोडी अभिलेख संशोधक’. बोलणं अतिशय नम्र, प्रत्येकाला दादा-मामा, आणि तोंडात इनाम, वतन, महजर, सनद असे शब्द भराभर. त्याने आधी पैसे मागितलेच नाहीत. एक छापील माहितीपत्रक दिलं. कुलदैवत कोणतं, भावकी किती घरांची, आजोबा-पणजोबांची नावं, आजच्या जमिनीचे गट आणि जुने सर्व्हे नंबर, शेजारच्या शेतकऱ्यांची आडनावं, आणि शेवटी ‘घराण्याविषयी ऐकीव माहिती’ म्हणून अर्धं पान मोकळं. आबांनी ते पान दोन्ही बाजूंनी भरून दिलं. हेळवी बैल घेऊन येतात आणि कुळाची नावं म्हणून दाखवतात, त्यांच्याकडून ऐकलेली चार-पाच नावंही त्यात घातली.

पुढचं सगळं त्या पानातूनच निघालं. हे नीट लक्षात घ्या. त्याने ‘शोधून’ आणलेली एकही गोष्ट अशी नव्हती जी आम्ही त्याला आधी सांगितली नव्हती.

सुरुवातीला शोध फी म्हणून 5,000. काही आठवड्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर लाल कापडात बांधलेल्या गाठोड्याचा अंधूक फोटो आणि खाली ‘तुमच्या घराण्याचा रुमाल सापडला’. जुने कागद असे कापडात बांधून ठेवतात, त्या गाठोड्यालाच रुमाल म्हणतात. मग मूळ दस्त एका जुन्या वाड्यातल्या मालकाकडून ‘सोडवायचा’ म्हणून 35,000. मग लिप्यंतर, भाषांतर आणि सत्यप्रत यांचे 25,000. पावती एकाचीही नाही. रक्कम प्रत्येक वेळी वेगळ्या नंबरवर मागवली.

कागद आला तेव्हा भावकीत आनंदीआनंद झाला. चैत्रातल्या जत्रेला आबांनी देवळापुढे तो मोठ्याने वाचला. दोन भावांची नावं, बैलजोडी, ओढा, ओस गाव, सगळं जसंच्या तसं. म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांत पाणी आलं. लगेच ठरलं की देवळाशेजारी दगडी फलक बसवायचा, त्यावर मूळपुरुषाचं नाव आणि साल कोरायचं. पाथरवटाला बयाणाही दिला.

आणि मग त्याचा खरा डाव पुढे आला. म्हणाला, या सनदेवर तुमचं ओढ्याकाठचं इनाम परत मिळू शकतं, वकील माझ्या ओळखीचे आहेत, दाव्याची तयारी म्हणून दीड लाख काढा. कायद्याचं थोडं तरी कानावर असलेल्या माणसाला इथेच शंका यायला हवी. इनामांच्या, म्हणजे सारामाफीने दिलेल्या जमिनींच्या, सनदांची छाननी 1852 च्या कायद्याने इनाम कमिशनने केली, तेव्हाच कित्येकांची इनामं खालसा झाली. उरलेली स्वातंत्र्यानंतर गेली. परगणा आणि कुलकर्णी वतनं रद्द करणारा कायदा 1950 चा, वैयक्तिक इनामं रद्द करणारा 1952 चा. कुणी पेशवाईतला कागद दाखवून आज जमीन परत मिळवून देतो म्हणाला, तर त्याच्याशी पुढचं बोलणंच नको.

माझी पुतणी पुण्यात मोडीच्या वर्गाला जाते. आबांनी कौतुकाने तिला कागदाचा फोटो पाठवला. तिने तो मोठा करून बघितला आणि मला फोन केला, “काका, यातला प्रत्येक ‘र’ सारखाच आहे. कुठेही तसूभर फरक नाही.” हाताने लिहिलेल्या मोडीत असं होऊच शकत नाही. बोरू न उचलता लिहायची ती लिपी, पुढच्या अक्षराला जोडताना मागचं अक्षर दर वेळी थोडं वेगळं वळतं. 2014 साली मोडी युनिकोडमध्ये आली. आता देवनागरीत मजकूर टाइप करा, मोडी फॉन्टमध्ये फिरवा आणि जुनाट कागदावर छापा, काम झालं.

मूळ कागद घेऊन आम्ही दोघं तिच्या शिक्षकांकडे गेलो. त्यांनी भिंगाखाली तो धरला आणि आम्हाला एकेक दाखवत गेले. जुना लेखक आधी पानभर आडव्या रेघा ओढतो आणि अक्षरं त्या रेघेला टांगत जातो, इथे रेघ शब्दागणिक तुटलेली होती. मोडी लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाचा भेद कुणी पाळत नसे, इथे प्रत्येक वेलांटी आणि उकार आजच्या शुद्धलेखनाच्या नियमाप्रमाणे. कागदाचा पिवळेपणा कडेपासून मध्यापर्यंत एकसारखा, घडीवर मात्र आत पांढरं दिसत होतं. खऱ्या जुन्या कागदाची घडी सगळ्यांत आधी काळवंडते आणि झिजते.

मग ते तारखेकडे वळले. कागदात वर ‘शके 1698 दुर्मुखनाम संवत्सरे, कार्तिक’ असं होतं. शकात 78 मिळवले की इसवी सन, म्हणजे 1776. संवत्सराचं नावही बरोबर. पण त्याच ओळीत सुहूर सन, म्हणजे मराठेशाहीतल्या कागदांवर शकासोबत येणारी दुसरी वर्षगणना, ‘सबा सितैन मया व अलफ’ असा दिला होता. हे अरबी आकडे आहेत, सात, साठ, शंभर आणि हजार, मिळून 1167. त्यात 599 मिळवले की येतं 1766. एकाच ओळीत दहा वर्षांचा फरक. 1776 च्या कार्तिकात ‘सबा सबैन’ हवं होतं. त्याच्या खाली आज्ञा कुणाची, तर माधवराव बल्लाळ यांची. थोरले माधवराव 1772 साली थेऊरला वारले. 1776 मध्ये पेशवेपद सवाई माधवरावांकडे होतं आणि ते कागदात माधवराव नारायण म्हणून येतात. बनवणाऱ्याने 1766 च्या कुठल्यातरी खऱ्या कागदाचा मायना, म्हणजे सुरुवातीचा ठरावीक मजकूर, उचलला होता आणि शक मात्र आमच्या सांगण्यावरून घातला होता, कारण आबांनी त्या माहितीपत्रकात ‘साधारण अडीचशे वर्षांपूर्वी’ असं लिहिलं होतं.

शेवटची खूण तर शाळेतल्या पोरालाही दिसावी अशी. चतुःसीमेत उत्तरेकडे चक्क सर्व्हे नंबर होता. पेशवाई 1818 ला संपली. इंग्रजांची पहिली मोजणी आणि जमाबंदी इंदापूर तालुक्यात लागू झाली ती 1836 च्या सुमाराला, आणि सर्व्हे नंबर आले ते त्या मोजणीबरोबर. त्याआधी शेताला नाव असे आणि माप बिघे, चावरात. पण आजच्या जमिनीशी जुळवून दाखवल्याशिवाय दीड लाखांचा दावा विकता आला नसता, म्हणून तो नंबर तिथे आला. दोन्ही भावांच्या नावापुढे आमचं आजचं आडनावही होतं. त्या काळच्या कागदात माणूस बहुतेक ‘अमुक बिन तमुक’ (तमुकचा मुलगा अमुक) म्हणून येतो, पुढे वतन किंवा गाव.

सत्यप्रतीवर गोल शिक्का होता. त्यात फक्त ‘अभिलेख विभाग’. कुठलं कार्यालय, कुठला जिल्हा, काही नाही. सरकारी नक्कल कधी हातात घेतली असेल तर माहीत असेल, तिच्यावर नक्कल अर्जाचा नंबर असतो, अर्ज कधी आला, नक्कल कधी तयार झाली, फी किती, नक्कल करणाऱ्याची सही, रुजुवात घेणाऱ्याची, म्हणजे मूळ कागदाशी ताडून बघणाऱ्याची सही. पेशवे दफ्तरातला कागद असेल तर दफ्तराचं नाव आणि रुमालाचा नंबर सांगता आला पाहिजे. नंबर सांगितला की तो रुमाल पुन्हा कुणालाही काढून बघता येतो. आम्ही नंबर विचारला तेव्हा तो म्हणाला, “साहेब, ते गोपनीय असतं.” पुरालेखागारातल्या रुमालाचा नंबर गोपनीय नसतो. अर्ज आणि ओळखपत्र देऊन साधा माणूस तिथे बसू शकतो. वाचता येत नसेल तर भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग होतात, पुरालेख खात्याचेही होतात, तिथे विचारलं की जाणती माणसं भेटतात.

हिशेब मागितल्यावर त्याचं उत्तर होतं, “मोडी वाचणारे दहा जण दहा अर्थ काढतात, तुमच्या मास्तरांना काय कळतं?” त्यानंतर फोन बंद झाला. कार्डावरच्या पत्त्यावर झेरॉक्सचं दुकान निघालं आणि दुकानदाराला तो फक्त गिऱ्हाईक म्हणून माहीत होता.

आबांना सांगणं सगळ्यांत जड गेलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग एवढंच म्हणाले, “पाथरवटाला थांबवा.” खोटं नाव दगडावर जाण्याआधी कळलं हे आमचं नशीब. नाहीतर शंभर वर्षांनी आमच्याच नातवंडांनी तो फलक पुरावा मानला असता. पैशांचं नुकसान भरून निघतं. खोटा पूर्वज एकदा घरात शिरला की खऱ्याची जागा अडवून बसतो, आणि याची चीड मला अजून आहे.

खरा शोध आता उलट्या दिशेने, आजपासून मागे चालू आहे. सातबाऱ्यावरून फेरफार काढले. हक्कनोंदणी 1903 च्या कायद्याने सुरू झाली, त्यामुळे फेरफार त्याच्या मागे जात नाहीत, पण वारसनोंदीत बापाचं नाव आणि मृत्यूचं साल मिळतं. तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14 म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही आणि कडईपत्रक हा जमिनीचा जुना कागद बघितला. काही जिल्ह्यांचे जुने अभिलेख स्कॅन होऊन ऑनलाइनही मिळतात. नाशिकला तीर्थोपाध्यायांच्या चोपडीत खापरपणजोबांची नोंद सापडली, सोबत दोन भावांची आणि एका बहिणीची नावं. त्या बहिणीचं नाव घरात कुणालाच माहीत नव्हतं. आबांनाही नाही. खऱ्या कागदात हे असं असतं, आपण न सांगितलेलं काहीतरी निघतं, आणि आपल्या गोष्टीतलं बरंचसं निघत नाही. ओढा नाही, बैलजोडी नाही, कौलही अजून नाही.

पुतणीने तिच्या वर्गात हा प्रकार सांगितला तेव्हा शेजारच्या तालुक्यातलं एक घर पुढे आलं. त्यांच्याकडेही शके 1698 चा कार्तिकातला कागद आहे, तोच ‘सबा सितैन’, तोच गोल शिक्का. ओस गाव आणि बैलजोडी काढून तिथे त्यांच्या घरात सांगतात ती लढाईची गोष्ट घातली आहे. दोन्ही घरांनी मिळून पोलिसांत तक्रार अर्ज दिला आहे. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीसाठी कलम 318 आणि बनावट दस्तासाठी कलम 336 आहे, दोन्ही अर्जात लिहिली आहेत. चौकशी चालू आहे, पैसे अजून मिळालेले नाहीत.

तुमच्या घरात असा कागद आला असेल तर तो लॅमिनेट करू नका, त्यावर पेनाने खुणा करू नका. ज्या पाकिटातून आला ते पाकीट, पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट, भरून दिलेल्या माहितीपत्रकाची प्रत आणि त्याच्याशी झालेलं व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं आहे तसं राहू द्या. आमचं माहितीपत्रक आबांनी देण्याआधी सहज झेरॉक्स करून ठेवलं होतं. त्यातली वाक्यं आणि कागदातली वाक्यं शेजारी शेजारी ठेवली, तेव्हा कुठे ठाण्यातल्या अंमलदाराने अर्ज दाखल करून घेतला.